आईचं पत्र, मोंबासामार्गे

मी उस्मानाबाद जिल्ह्यात आले ती परदेशातून, असं आज सांगितलं तर लोक हसतात. माझं बोलणं ऐकून त्यांना मी लोहाऱ्याच्या नाहीतर उमरग्याच्या बाजूची वाटते. पण खरंच तसं होतं. माझं गाव गोव्यात, साष्टीत, आणि गोव्यावर त्या काळी पोर्तुगीजांचं राज्य होतं. आम्ही ख्रिस्ती. वडील बोटीवर खलाशी होते, ते मी नऊ वर्षांची असताना वारले. आईनं मला बेळगावला नातेवाइकांकडं ठेवून नन्सच्या शाळेत शिकवलं. मॅट्रिक झाले, शिकवायचं ट्रेनिंग घेतलं, आणि एक दिवस पेपरात जाहिरात दिसली की मराठवाड्यातल्या खेड्यांत मुलींना शिकवायला बाया हव्यात.

हैदराबाद संस्थान भारतात येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूतून चालायच्या, त्यामुळं मराठीत शिकवणारे मास्तरच कमी होते. बाई तर शोधूनही सापडायची नाही. माझं मराठी म्हणजे दुसरी भाषा म्हणून मार्कांपुरतं शिकलेलं. तरी त्यांनी मला घेतलं. दुसरं कुणी अर्जच केला नव्हता, हे मला पुढं कळलं.

बेळगावहून मिरज, मिरजेहून कुर्डुवाडी, तिथून सोलापूर, आणि सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्यानं मोटार. फाट्यावर उतरले तेव्हा एक बैलगाडी उभी होती. गाडीवानानं माझ्याकडं पाहिलं, माझ्या निळ्या फुलांच्या फ्रॉककडं पाहिलं, आणि मान खाली घालून ट्रंक गाडीत ठेवली. पुढचे दोन कोस तो फक्त बैलांशीच बोलला. तो गाडीवान म्हणजे ज्यांच्या घरातली एक खोली मला राहायला दिली होती, तेच शेतकरी. त्यांना मी पुढं दाजी म्हणू लागले आणि त्यांच्या बायकोला अक्का.

अक्का तेव्हा चाळिशीच्या असतील. उंच, हाडकुळ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. पहिल्याच संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, "मला थोडं उदक द्याल का?" आमच्या कोकणीत पाण्याला उदकच म्हणतात. त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. मग आत गेल्या आणि भिंतीआडून मला ऐकू आलं, "अवो, किरिस्ताव म्हणत हुते न्हवं? ही तर भटजीच्या वर सोवळी हाय. उदक मागतीया!"

दाजी म्हणाले, "मागतीया तर दी की."

त्यांनी दिलं, पण वेगळ्या तांब्यात, वरून ओतून. रांजणाला मी हात लावायचा नाही, हे मला कुणी सांगितलं नाही. ते नुसतं समजायचं होतं. मला राग आला नाही. आमच्या गोव्यातल्या घरीही असे वेगळे पेले होते, फक्त ते दुसऱ्यांसाठी होते. ते इतकी वर्षं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

शाळा म्हणजे चावडीशेजारच्या तीन खोल्या. हेडमास्तर पन्नाशीतले, डोक्यावर काळी टोपी. सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. "तशरीफ ठेवा, बाई," म्हणाले आणि स्वतःची खुर्ची मला दिली. मी घाबरत सांगितलं की माझं मराठी कच्चं आहे. ते हसले. "फिकीर करू नका. मी स्वतः चाळिशी उलटल्यावर मराठी लिहायला शिकलो. अजून उजवीकडून सुरू करावंसं वाटतं. तुम्ही पोरींना इंग्रजी आणि हिसाब शिकवा, पोरी तुम्हाला मराठी शिकवतील."

तसंच झालं. अकरा मुली होत्या. मी चुकले की त्या एकमेकींकडं बघायच्या, तोंडाला पदर लावायच्या, मग त्यातली एक धीट उठून म्हणायची, "बाई, 'ती आला' न्हवं, 'ती आली'." मी पुन्हा म्हणायची. त्यांना फार मजा वाटायची. आपल्या बाईला आपल्याला येतं ते येत नाही, ही गोष्ट त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होती. दोन महिन्यांत अकराच्या सतरा झाल्या.

त्या पहिल्या वर्षातली एक सकाळ सांगते. रविवार होता. माझ्या प्रार्थनेसाठी तिथं चर्च नव्हतं, म्हणून मी गावाबाहेर चालत जायची आणि जपमाळ म्हणत परत यायची. त्या दिवशी ओढ्याच्या चढावर उभी राहिले आणि खाली पाहिलं, तर एका नांगरून ठेवलेल्या रानात इंग्रजी अक्षरं. ए पासून झेडपर्यंत, एकेक अक्षर माणसाएवढं, काळ्या मातीत काठीनं ओढलेलं. एस उलटा होता. म्हशी त्याच्यावरून चालत होत्या आणि त्यांच्यामागं माझ्या वर्गातली सगळ्यात गप्प मुलगी हातात काठी घेऊन पुसली गेलेली अक्षरं पुन्हा ओढत होती. रविवारी म्हशींमागं असायची म्हणून तिला घरी अभ्यास करायला वेळ नसे, आणि पाटीही नव्हती. मी तिला हाक मारली नाही. जपमाळ हातात तशीच राहिली. मी किती तरी वेळ उभी होते. मला बेळगावच्या नन्सनी जे काही शिकवलं होतं, ते एवढं मोठं असतं हे मला माहीत नव्हतं.

पुढच्या वर्षी, ऐन पावसाळ्यात, गोव्याची सरहद्द बंद झाली.

हेडमास्तरांकडं पेपर दोन दिवस शिळा यायचा. त्यांनी तो माझ्यापुढं ठेवला आणि बाहेर गेले. गोवा सोडवण्यासाठी सत्याग्रही आत गेले होते, गोळीबार झाला होता, आणि आता भारत सरकारनं जाणं-येणं थांबवलं होतं. मी त्यातलं एवढंच धरलं की मला घरी जाता येणार नाही. टपालही बंद, हे महिनाभरानं कळलं. माझंच पाकीट, माझ्याच अक्षरातलं, वर शिक्का मारून परत आलं तेव्हा.

आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. चर्चमध्ये गाणं शिकवणाऱ्या मास्तरांकडून ती पत्र लिहून घ्यायची, वाचूनही घ्यायची. घरात ती एकटी. मी जिवंत आहे की नाही, हे तिला कळायचा रस्ताच राहिला नाही, आणि मलाही तिचं काही कळणार नव्हतं.

मी शाळेत जात राहिले. पण हिसाब शिकवताना मधेच थांबायची आणि फळ्यावर काय लिहिलंय तेच मला उमजायचं नाही. जेवण जाईना. ताटात भाकरी तशीच राहते, हे अक्कांनी चार दिवस पाहिलं. पाचव्या दिवशी दुपारी त्या माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन बसल्या. आत कधी येत नसत.

"काय झालंय, बाई?"

मी सांगितलं. मोडक्यातोडक्या मराठीत, रडत. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. मग पदरानं स्वतःचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "माझं म्हायेर सोलापूरच्या अंगाला हाय. तुमी आला न्हवं, त्या रस्त्याच्या पल्याड. निजामाच्या वक्ताला मधी नाका हुता. तिकडं इंग्रजाचं राज्य, इकडं निजामाचं. तसं आमी जात-येत हुतो. मंग ते रझाकाराचं साल आलं. वाटा बंद. कोन जिवाला भिऊन जातंय? साल-दीड साल म्हायेरचं कुत्रं बी दिसलं न्हाय मला."

त्यांनी उंबऱ्यावरची धूळ पदरानं झटकली. मला वाटलं संपलं.

"मिल्ट्री आली, निजाम गेला, वाट खुली झाली. पहिल्या गाडीनं म्या गेले. दारात गेले, आई बाहीर आली. कपाळ मोकळं. कुनी सांगितलं न्हाय मला, आईचं कपाळ बघून कळलं की बाप गेला. आठ म्हैनं झालं हुतं जाऊन. आठ म्हैनं बाप जिता हाय म्हणून म्या होळीची पुरणपोळी काय, पाडवा काय, समदं गोड खाल्लं."

मला इतकी वर्षं वाटत होतं की सरहद्द म्हणजे आम्हा गोवेकरांचं दुःख आहे. ही बाई कधी गावाच्या चार कोसांपुढं फारशी गेलेली नाही असं मी धरून चालले होते, आणि तिच्या घरातून एक सरहद्द आरपार गेली होती.

त्या उठल्या, आत गेल्या आणि पाणी घेऊन आल्या. रांजणातल्या वाटीनंच माझा तांब्या भरला, माझ्या हातात दिला, आणि मी प्यायल्यावर तोच तांब्या तोंडाला लावून उरलेलं पाणी स्वतः प्यायल्या. त्या दिवसापासून वेगळा तांब्या दिसला नाही.

रात्रीच्या जेवणाआधी दाजींनी मला विचारलं, "बाई, तुमचं कुनी तिसऱ्या मुलखात हाय का?"

"म्हणजे?"

"नाक्यावरनं जाता आलं न्हाय तर आमी काय करायचो? खाली वढ्यानं जायचो, तिसऱ्याच गावात निघायचो, तितनं फिरून. लांब पडायचं. पर जायचो. हितनं तुमच्या गावाला कागद जात न्हाय. पर आनखी कुठनं तरी जात आसंल न्हवं?"

माझे काका मोंबासाला होते, आफ्रिकेत, रेल्वेत कारकून. नाताळला त्यांचं कार्ड बेळगावला यायचं. म्हणजे तिकडून भारतात टपाल येत होतं. आणि तिकडून गोव्यात का जाणार नाही? पोर्तुगिजांचं भांडण भारताशी होतं, मोंबासाशी नव्हतं. हे माझ्यासारख्या शिकलेल्या बाईच्या डोक्यात आलं नाही. निरक्षर माणसाच्या आलं. मी त्यांना तसं बोलूनही दाखवलं. ते कानकोंडे होऊन गुरांना वैरण टाकायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी भिंतीवरचा जगाचा नकाशा उतरवला. निजामाच्या काळातला, सगळी नावं उर्दूत. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. सतरा मुली आणि मी जमिनीवर त्याच्याभोवती बसलो, आणि हेडमास्तर गुडघ्यावर वाकून, बोट उजवीकडून डावीकडं सरकवत आफ्रिकेचा किनारा वाचत गेले. "मोगादिशू... किसमायू... हां. मीम, मीम, बे. मोंबासा." त्यांनी तिथं बोट टेकवलं आणि माझ्याकडं असं पाहिलं, जणू काकांना त्यांनी स्वतः शोधून काढलं होतं.

मुलींनी दोरा आणला. आपल्या गावावर एक टोक धरलं. गाव नकाशात नव्हतं, म्हणून सोलापूरच्या जरा वर. दोरा मुंबईला नेला, तिथून समुद्रावरून मोंबासाला, आणि मोंबासाहून परत गोव्याला. जवळजवळ वीतभर झाला. मग सरळ गावापासून गोव्यापर्यंत धरला, तर तो करंगळीच्या पेराएवढाही भरला नाही. मुलींनी दोरा पुन्हा धरून पाहिला. ती म्हशींमागची गप्प मुलगी म्हणाली, "बाई, एवढ्याशासाठी एवढं?"

मी त्या दिवशी भूगोल शिकवला नाही. भूगोलच माझ्यासमोर बसला होता.

पत्र टाकलं. काकांच्या नावाचं पाकीट, आत आईच्या नावाचं दुसरं. टपाल लोहाऱ्याहून आठवड्यातून दोनदा पायी येई. टपालवाला वयस्कर, कमरेत वाकलेला, पण चालायला जबर. पहिले काही दिवस मीच त्याची वाट बघायची. मग माझ्या लक्षात आलं की सगळं गाव बघतंय. तो वेशीतून आत आला की विहिरीवरच्या बायका विचारायच्या, "बाईचं आलं का?" तो मान हलवायचा. गिरणीवर कुणी विचारी, पारावर कुणी विचारी. माझ्यापर्यंत पोचेतो त्याला दहाजणांना 'न्हाय' म्हणावं लागे, आणि शेवटी माझ्याकडं तो नुसता बघायचा.

गणपती गेले, दसरा गेला. तुळजापूरच्या यात्रेला गावातले अर्धे लोक जाऊन आले. अक्कांनी अंबाबाईला माझ्या पत्रासाठी नवस केला. मी मेरीमाउलीकडं केला. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली, आणि एका सकाळी, हजेरी चालू असताना, टपालवाला थेट वर्गाच्या दारात आला. धापा टाकत होता. विहिरीवर न थांबता, कुणाशी न बोलता, तो धावत आला होता. त्या वयात. त्याच्या मागं पन्नासेक माणसं.

पाकिटावर आफ्रिकेचं तिकीट. त्यावर राणीचं तोंड आणि एक जिराफ. ते तिकीट त्या दिवशी सगळ्या गावानं हातात घेऊन पाहिलं, पण ते नंतर. आधी हेडमास्तर म्हणाले, "वाचा, बाई," आणि मी उघडलं.

कोकणी, पण रोमन लिपीत, त्या गाण्याच्या मास्तरांच्या गोल अक्षरात. दारात, खिडकीत, सगळीकडं माणसं. अक्का पुढं, हाताला पीठ लागलेलं तसंच. मी वाचू लागले आणि एकेक ओळ मराठीत सांगू लागले. "आई म्हणते, मी बरी आहे. पाऊस फार झाला, मागच्या बाजूची कौलं बदलली. डुकरीला सात पिलं झाली. माडावरून शेजारच्याचा मुलगा पडला होता, आता बरा आहे. तू जेवतेस ना? त्या देशात मासे मिळतात का? त्या देशातली माणसं कशी आहेत? तुला मारत नाहीत ना?"

कुणीतरी म्हातारं माणूस दारातून म्हणालं, "आमी देश व्हय गा?" आणि सगळे हसले. मीही हसले. हसता हसता कळलं की मी अख्खं पत्र अडखळल्याशिवाय मराठीत सांगितलं होतं, आणि 'ती आला' एकदाही झालं नव्हतं.

उत्तर मी एकटीनं लिहायचं असं मी धरलं होतं. संध्याकाळी बघते तर अक्कांच्या अंगणात बायका बसलेल्या. अक्का म्हणाल्या, "लिवा. आमी तुमाला मारत न्हाय म्हणून लिवा पैलं."

दुसरी म्हणाली, "मासं ओढ्याला मिळत्यात म्हणावं, बारीक हायती पर हायती."

तिसरी म्हणाली, "तिची डुकरी येलीय, तिला म्हणावं नीट खायला घाला. आमची म्हस बी येलीया."

डुक्कर पाळणं गावात कुणाला रुचणारं नव्हतं, पण पिल्लं सात झाली याचा आनंद सगळ्यांना झाला होता. मी सगळं लिहिलं. पाच पानं झाली. काकांनी पुढच्या पाकिटात स्वतःची चिठ्ठी घालून कळवलं की पोरी, जरा पातळ कागद वापर.

अशी सहा वर्षं गेली. वर्षाला चार पत्रं, फार तर पाच. आई विचारायची, त्या बाईची म्हैस दूध देते का. अक्का विचारायच्या, मागल्या कौलातनं गळतंय का अजून. आईनं आंबाड्याचं लोणचं कसं घालायचं ते कळवलं. अक्कांनी शेंगदाण्याच्या चटणीचं कळवलं. दाजींचा पाय मोडला तेव्हा आईनं लिहिलं की काळ्या तिळाचं तेल कोमट करून लावा. ते पोचेतो पाय बरा होऊन ते औत धरत होते, तरी अक्कांनी तीळ आणून तेल काढलं आणि लावलंच. "लांबून आलंय," म्हणाल्या, "वाया घालवायचं न्हाय." मी मधे बसून एकीचं दुसरीला सांगायची. हळूहळू मला वाटायला लागलं की ह्या दोघी बोलतायत आणि मी नुसती टपालपेटी आहे.

दरम्यान मी लुगडं नेसायला शिकले, ज्वारीची भाकरी थापायला शिकले. आमचा भाग आधी मुंबई राज्यात गेला, मग महाराष्ट्र झाला. हेडमास्तरांनी नकाशा बदलला. नवा मराठीत होता, आणि त्यांना तो वाचायला जरा वेळ लागायचा. माझ्या पहिल्या अकरापैकी चार पोरी लग्न होऊन गेल्या, दोघी सोलापूरला मॅट्रिकपर्यंत शिकल्या. रानात अक्षरं ओढणारी त्यातली एक होती.

एकसष्टच्या डिसेंबरात ग्रामपंचायतीच्या रेडिओवर बातमी आली की लष्कर गोव्यात गेलं. दोन दिवसांत सगळं संपलं. हेडमास्तर वर्गात आले आणि त्यांनी मुलींना उभं राहायला सांगितलं, का ते त्यांनाही नीट ठाऊक नसावं. गावानं गूळ वाटला. मी मात्र घाबरलेली होते, बंदुका आमच्या गावावरून गेल्या असतील तर. जानेवारीत पत्र आलं, सहा दिवसांत, साधं भारताचं तिकीट लावलेलं. टपालवाला ते तिकीट उलटंसुलटं करून बघत होता. "जिराफ न्हाय ह्याला," म्हणाला.

पत्रात दोनच ओळी होत्या. मी बरी आहे. ये, आणि त्या बाईला घेऊन ये.

अक्का म्हणाल्या, "म्या? मला कोन सोडतंय!" पण दाजी म्हणाले, "जा की. तवर ज्वारी घरात यील. उनाळ्यात रानात काय हाय तुझं?" मेच्या सुट्टीत आम्ही दोघी निघालो. अक्कांनी सोलापूरची चादर घेतली, पायलीभर ज्वारीचं पीठ घेतलं, चटणी घेतली. बेळगावपासून मोटार घाट उतरू लागली तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला. इतकं हिरवं त्यांनी मे महिन्यात कधी पाहिलं नव्हतं. "हितं ऊन कुठं ठिवत्यात?" त्यांनी हळूच विचारलं.

आई दारात उभी होती. काळा पोशाख, केस सगळे पांढरे. मी तिला सोडून गेले तेव्हा काळे होते. ती माझ्याकडं आली, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि मग मला सोडून अक्कांकडं वळली. आई कोकणीत म्हणाली, "पाय बरा आहे ना तुमच्या घोवाचा?" अक्कांना शब्द कळला की नाही कुणास ठाऊक, त्या म्हणाल्या, "पळतोय आता. तेल लावलं हुतं." आणि दोघी रडायला लागल्या. मी ट्रंक उचलून आत नेली. माझी तिथं गरज नव्हती.

पंधरा दिवस अक्का राहिल्या. आईबरोबर चर्चला गेल्या, चपला बाहेर काढून, पदर डोक्यावर घेऊन. समुद्र पाहिला तेव्हा वाळूत बसल्या आणि तासभर उठल्या नाहीत. मी विचारलं, "लाटा मोजताय का?" तर म्हणाल्या, "थांबा जरा. म्या मोजत न्हाय, नुसती बघत हाय."

शेवटच्या आठवड्यात आईनं मला बाजूला घेतलं. गोव्यात आता नव्या शाळा निघणार होत्या, माझ्यासारख्या हव्या होत्या. "आता परत कशाला जातेस? इथंच राहा. मी म्हातारी झाले." तिचं चूक नव्हतं. मी त्या दिवसांत दोनदा शाळेला राजीनामा लिहिला आणि फाडला. तिसऱ्यांदा लिहिताना अक्का आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी कागद कसला ते त्यांनी ओळखलं.

"ऱ्हायचं आसंल तर ऱ्हावा," म्हणाल्या. "म्या पोरींना सांगीन, बाईची आई एकटी हाय म्हणून. पोरी समजून घेतील. आपल्याकडल्या पोरींना आईचं कळतंय."

मी राजीनामा पुरा केला नाही. का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. आईला मी म्हटलं की सतरा आता चौतीस झाल्यात. ती रागावली, दोन दिवस बोलली नाही. मग निघायच्या सकाळी तिनं अक्कांच्या पदरात फणस, आंबे, सुंगटं म्हणजे सुकी कोळंबी असं इतकं भरलं की अक्कांना उठता येईना, आणि मला म्हणाली, "डिसेंबरात मी येते. बघू तरी काय आहे तिथं."

ती आली. पासष्टीची, आगगाडीत कधी न बसलेली बाई, गाण्याच्या मास्तरांच्या पुतण्याबरोबर सोलापूरपर्यंत, आणि पुढं फाट्यावर दाजी गाडी घेऊन उभे. दुसऱ्या दिवशी मी तिला ओढ्याच्या चढावर नेलं. ज्वारी हुरड्यात आली होती, पुरुषभर उंच, आणि तिच्यापलीकडं काहीच नव्हतं. माड नाही, डोंगर नाही, घर नाही. आई थबकली. गळ्यातल्या क्रूसाला हात लावला आणि मान मागं टाकून वर बघत राहिली.

"इतलें मळब!" ती म्हणाली. इतकं आभाळ.

आमच्या गावी माडांमधून आभाळ तुकड्यातुकड्यांनी दिसतं. इतकं अख्खं तिनं कधी पाहिलंच नव्हतं. अक्का मागून येऊन उभ्या राहिल्या आणि मला विचारलं, "काय म्हणत्यात?" मी सांगितलं. अक्कांनीही वर पाहिलं, जरा वेळ, जणू आजच पहिल्यांदा बघतायत. मग त्यांनी दोन कणसं मोडली, आणि आईचा हात धरून तिला बांधावर हुरडा भाजायच्या आगटीजवळ बसवायला घेऊन गेल्या.